तळहातावरचं ताक

मला माणसांचा संशय येतो. स्वभावच तसा, आता म्हातारपणी काय बदलणार? मी सध्या लेकीकडे असते. तिचा मुलगा डॉक्टरी शिकतो. परवा तो सांगत होता, माणसाच्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची मोठी वस्ती असते. त्यातले बरेच आपल्या भल्याचे असतात, आणि ती वस्ती उठली की माणूस खंगत जातो.

"दिसत नाईत, तं तुले कशे दिसले?" मी विचारलं.

"भिंगातून, आजी," तो हसून म्हणाला. पुढे त्यानं दह्याताकाचं नाव काढलं, आणि मला एक जुनं मडकं आठवलं.

समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली होती म्हणे आणि वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या वर्षांतली गोष्ट. आमचं गाव अकोल्याहून तेल्हाऱ्याला जाणाऱ्या वाटेवर. घरं दोन, मागचं अंगण एक. एका घरात आम्ही, दुसऱ्यात थोरले दीर आणि जाऊबाई. वाटणीत बैल, भांडी, उखळसुद्धा वाटलं गेलं. सासूबाईंचं विरजणाचं मडकं मात्र जाऊबाईंकडे राहिलं. सकाळी त्या वाटीभर दही इकडे पाठवायच्या, त्यातलं चमचाभर मी माझ्या दुधाला लावायची. दोन्ही घरचं दही एकाच चवीचं.

कापसाच्या नादात आम्ही ज्वारी मोडली, गुरांची चराई नांगरून टाकली. घरात विकतचा गहू आला, पेढे आले, मला नवं लुगडं आलं. ते पाहून जाऊबाई "चांगलं हाय" एवढंच म्हणाल्या. एवढंच का म्हणाल्या, यावर मी दोन दिवस विचार केला.

त्याच सुमारास माझ्या पोरीला हगवण लागली. दोन वर्षांची पोर, माझं एकच लेकरू. मालक कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला गेले होते. त्यांनी तिथल्या एका नावाजलेल्या हकिमाकडून जुलाबाची पुडी आणली. पोट धुऊन निघालं की पोर बरी होईल, असं तो म्हणाला होता. पोट धुऊन निघालं खरं, पण पोर आणखीच वाळली. डोळे खोल गेले, बरगड्या मोजता येऊ लागल्या. हकिमाचा मला एकदाही संशय आला नाही. तो महागाचा होता ना!

संशय आला तो जाऊबाईंचा. त्यांची तिन्ही पोरं टुणटुणीत, अंगणात हुंदडायची. माझीच का निजून? त्यांच्या घरून माझ्या घरात येत होतं ते फक्त विरजण. मग ठरलंच. मी माझं दह्याचं मडकं उकिरड्यावर फोडलं आणि सकाळची वाटी दारातूनच परत पाठवली. पोरीला उकळलेलं दूध, साखर आणि पुडी, बाकी काही नाही. बाहेरून आलेल्या कशालाच मी तिच्या ओठांना लागू देत नव्हते.

काही दिवसांनी पोर थोडी सावरली. उठून बसली, माझी बांगडी ओढू लागली. पुडीला गुण आला म्हणून मी मालकांना कौतुकानं सांगितलं. पण एका दुपारी विहिरीवरून आले, तर तिच्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरं काही वाळलेलं दिसलं. मी तिचं तोंड हुंगलं. आंबूस वास आला.

दुसऱ्या दिवशी घागरी घेऊन निघाले आणि वळणावरूनच रिकामी परत फिरले. मागच्या दारातून पाहिलं, तर जाऊबाई पोरीला मांडीवर घेऊन वाटी तोंडाला लावत होत्या.

"काय पाजून राह्यल्या माया पोरीले?" मी ओरडले.

"ताक," त्या शांतपणे म्हणाल्या. "सासूबाईच्या मडक्यातलं. आठ रोज झाले. तू पिऊ देत नाईस, म्हनून दुपारी आनते."

आठ रोज. पोर सावरायला लागली त्यालाही तेवढेच दिवस झाले होते. हे मला तिथेच, त्या क्षणी कळलं. तरीही मी वाटी हिसकावली आणि भिंतीवर आपटली. "जहर देऊन राह्यल्या तुमी तिले!" असं म्हणाले. पोर किंचाळून रडली. जाऊबाई उठल्या, पदर सारखा केला आणि निघून गेल्या.

चौथ्या दिवशी पोर पुन्हा निपचित पडली. रडायचंही तिला त्राण उरलं नव्हतं. मग कसला मान आणि कसला संशय? मी तिला खांद्यावर टाकून जाऊबाईंच्या दारात उभी राहिले.

त्यांनी मडक्यातून ताक काढलं. वाटी माझ्यासमोर धरली, त्यातलं थोडं स्वतःच्या तळहातावर ओतलं आणि माझ्या डोळ्यांत बघत प्यायल्या.

"पाह्यलं?" त्या म्हणाल्या. "आता पाज."

पोर वाचली. महिनाभरात अंगणात धावू लागली. जाऊबाईंनी ते भांडण पुन्हा कधी काढलं नाही. सकाळची वाटी मात्र त्या स्वतः घेऊन यायच्या, माझ्या उंबरठ्यावर थोडं दही तळहातावर घ्यायच्या, खायच्या आणि मगच वाटी माझ्या हाती द्यायच्या. मरेपर्यंत, रोज. "राहू द्या ना आता" म्हणायला माझी जीभ कधी उचलली नाही.

माझी लेक ते रोज पाहत मोठी झाली. जाऊबाईंना ती मोठी आई म्हणायची. आज ती मला जेवताना ताक वाढते, तेव्हा आधी थोडं स्वतःच्या तळहातावर घेऊन पिते. तिच्या नव्या सुनेनं विचारलं, असं काहून करता? तर म्हणाली, "आपल्या घरची रीत हाय. मोठी आई असंच करे. लय जीव होता तिचा माया आईवर."

सून माझ्याकडे पाहून हसली. मी मान हलवली आणि ताक प्यायले.