पादरा, नडियाद, भरूच : जुईच्या कॉलेजांची यादी

या ब्लॉगवर मी आजवर सापुतारा, पावागड, नर्मदेचे घाट असंच लिहीत आलो. आजचा प्रवास तसा नाही, आणि काही वर्षांपूर्वीचा आहे. तीन दिवस, तीन गावं आणि रोज संध्याकाळी घरी, बडोद्यात तरसालीला परत. पण मुलीसाठी कॉलेजं कशी शोधलीत, असं तिघाचौघा आईवडिलांनी मेल करून विचारलं. म्हणून जसं झालं तसं लिहितो आहे.

जुई माझी मुलगी. दहावीच्या वर्षी दिवाळीत तिला मेंदूज्वर झाला. ती वाचली, पण दोन्ही कान गेले. मशीन लावून बघितलं, उपयोग झाला नाही. पंधरा वर्षं ऐकत वाढलेली असल्यामुळे ती बोलते नीट, फक्त आवाज कधी फार मोठा होतो, कधी फार बारीक. आमचं बोलणं ती ओठांवरून वाचते. आईचं सगळ्यात चांगलं, माझं त्याखालोखाल. गुजराती तिला मराठीइतकीच येते, पण अनोळखी ओठांवरची गुजराती तिच्या हाती लागत नाही. त्यामुळे बाहेर गेलो की लोक माझ्याशी बोलायचे आणि मी ते तिला सांगायचो. अडीच वर्षं असंच चाललं होतं.

बारावी सायन्सला तिला एकाहत्तर टक्के पडले. आम्ही दोघं नवराबायको त्या आकड्याकडे बघत राहिलो. तिने त्याच दुपारी वहीत अकरा कॉलेजांची नावं लिहिली. विषय एकच, केमिस्ट्री. पुणं होतं, मुंबई होती, एक नाव बंगलोरचंही होतं.

जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसलो तेव्हा अनघा, माझी बायको, म्हणाली, "जिथे खरंच घेतील आणि जिथे ती खरंच शिकेल, एवढीच नावं ठेवा. बाकीच्यांवर जीव टांगून ठेवायचा नाही."

मग खोडाखोड सुरू झाली. लांबची कॉलेजं गेली, कारण वसतिगृहात रात्री दार कोणी वाजवलं तर कळणार कसं, यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. एकाहत्तरला बडोद्यात केमिस्ट्री मिळणार नाही, हे युनिव्हर्सिटीच्या खिडकीवरच्या कारकुनाने आधीच सांगितलं होतं. दोन ठिकाणी फोनवरच नाही म्हणाले. शेवटी तीन नावं उरली. मी कारखान्यातून तीन दिवसांची रजा टाकली.

पहिला दिवस पादऱ्याचा. बडोद्याहून एसटी भरपूर आहेत, पाऊण तासात पोचता. सकाळी लवकर निघालात तर उलट दिशेने येणारे भाजीचे टेंपो दिसतात, एकामागे एक. स्टँडबाहेर गलेली, म्हणजे आपले ताडगोळे, विकायला बसलेली एक बाई होती. जुईने उभ्याउभ्या सहा खाल्ले. खूश होती ती त्या सकाळी.

कॉलेज नवीन होतं. त्या वर्षांत रस्त्याच्या कडेने अशी खासगी कॉलेजं भराभर उभी राहत होती. संगमरवरी पायऱ्या, कुंड्या, काचेचं ऑफिस. ट्रस्टी स्वतः बाहेर आले.

"आवी जाव बेन, सीट छे," ते जुईला म्हणाले. कानांचं सांगितलं तर म्हणाले, "काही वांधा नाही, भाई. आपण सगळ्यांना घेतो."

मला तर तिथेच फॉर्म भरावासा वाटला. अडीच वर्षांत इतकं सहज हो कोणी म्हटलं नव्हतं. जुई म्हणाली, "लॅब बघायची आहे."

लॅबमध्ये टेबलं होती, नळ होते, पण नळांना पाणी नव्हतं. काचेचं सामान भिंतीशी खोक्यांत होतं, खोक्यांवर धूळ. जुईने एका खोक्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. परतीच्या बसमध्ये तिने पादऱ्यावर काट मारली. "इथे घेतील," ती म्हणाली, "पण शिकवणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी नडियाद. पॅसेंजरने जा, तासाभराचा रस्ता आहे, बसायला जागा मिळते. हे कॉलेज जुनं आणि चांगलं. उंच छताची लॅब, बाटल्यांवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या, आणि तो वास. मी मकरपुऱ्याला रंगाच्या कारखान्यात आहे, तो वास माझ्या शर्टांना कायम असतो. जुईने डोळे मिटून श्वास घेतला. तिला हेच हवं होतं, विचारायची गरजच नव्हती.

प्रिन्सिपॉल वयस्कर होते. त्यांनी चहा मागवला. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. ते माझ्याकडे वळून, सुपारी चघळत, हळूहळू गुजरातीत बोलत राहिले. केमिस्ट्री नको. ॲसिड असतं, गॅस असतो. मागून कोणी बूम पाडली, म्हणजे ओरडलं, तर हिला कळणार कसं? काही झालं तर जबाबदारी कोणाची? छोकरीला काहीतरी सोपं शिकवा. छोकरीच आहे, उद्या घरच सांभाळायचं आहे.

दहा मिनिटं ते बोलले. मग जुईने माझ्या बाहीला हात लावला. मी तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, "जागा भरल्यात म्हणतायत."

तिने मान हलवली, सरांना नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

स्टेशनसमोर एक साधी खानावळ आहे, थाळी चांगली मिळते, फुलके गरम येतात. आम्ही समोरासमोर बसलो. ती नेहमी माझ्यासमोर बसते, ओठ दिसावेत म्हणून.

"बाबा, ते काय म्हणाले?"

"सांगितलं ना. जागा भरल्यात."

"एवढं सांगायला दहा मिनिटं लागत नाहीत." तिचा आवाज मोठा झाला होता. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वळून बघितलं. "ते बूम म्हणाले. ओठ दोनदा मिटले, मला दिसलं. आणि जागा भरल्यावर कोणी चहा पाजत नाही."

मग मी सांगितलं. ॲसिड, जबाबदारी, घर सांभाळणं, सगळं जसंच्या तसं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मध्ये वाढपी आमटी वाढून गेला.

"आणखी काय काय बदलून सांगितलंत मला?"

"असं काही नाही."

"कानाच्या डॉक्टरांचं? हॉस्पिटलमधून निघताना तुम्ही म्हणाला होतात, वर्षा-दोन वर्षांत थोडं थोडं ऐकू येईल म्हणतायत."

मी पाणी प्यायलो. खोटं बोलायला तेव्हाही जागा होती, आणि मी ते नीट बोललोही असतो. पण ती इतकी एकटक बघत होती की जमलं नाही.

"येणार नाही म्हणाले होते," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी."

"आईला माहीत होतं?"

"हो."

तिने ताटातला फुलका मोडला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मी रोज सकाळी उठल्यावर टाळी वाजवून बघते, बाबा."

आमच्या खोल्या शेजारीशेजारी आहेत. ती टाळी मी कित्येकदा ऐकली होती. मला वाटायचं, डास मारते आहे.

तिने फुलका संपवला, वाढप्याला स्वतः हाक मारून ताक मागितलं. गाडीत खिडकीशी बसली आणि बडोदं येईपर्यंत बाहेर बघत राहिली. तिने तोंड फिरवलं की तिच्याशी बोलायचे सगळे रस्ते बंद होतात. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. घरी तिने अनघाला तेच विचारलं, अनघाने रडत तेच उत्तर दिलं. त्या पंधरा वर्षांच्या मुलीला तेव्हा सांगवलं नाही, आणि मग सांगायचा दिवस आलाच नाही, एवढंच आमच्याजवळ सांगण्यासारखं होतं.

तिसऱ्या दिवशी ती येईल की नाही, याची मला खात्री नव्हती. ती तयार होऊन दारात उभी होती.

भरूचला सकाळच्या गाड्यांना गर्दी असते. नोकरीसाठी रोज अपडाउन करणारे लोक ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या जागी बसतात, तेव्हा अर्धा तास आधी जा. नर्मदा बघायची तर स्टेशनवरून पुढे जावं लागतं, बडोद्याकडून येताना ती गाडीतून दिसत नाही. स्टेशनबाहेर खारी शिंग घ्या, तिथले खारे दाणे खरंच वेगळे असतात.

कॉलेजच्या फाटकाशी जुई थांबली. "तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली. रागाने नाही. बसमध्ये कुणाला सरकायला सांगावं तसं.

मी कडुनिंबाखाली बाकावर बसलो. शिपायाने विचारलं, "बेबी एकलीज गई?" मी हो म्हटलं. कागदाच्या पुडीतली शिंग तशीच हातात राहिली. पन्नास मिनिटं झाली. लॅबच्या दारात ती एका मध्यमवयीन बाईंबरोबर दिसली. दोघी वही एकमेकींकडे देत होत्या, लिहीत होत्या. मला उठून जावंसं वाटत होतं. गेलो नाही.

त्या केमिस्ट्रीच्या लेक्चरर होत्या. जुईने नंतर मला वही वाचायला दिली. बाईंनी गुजरातीत लिहिलं होतं, की मी फळ्याकडे तोंड करून बोलते, ती सवय मोडायचा प्रयत्न करीन, पण विसरेन. पहिल्या बाकावर जागा देईन. दुसरे दोन सर काय करतील, ते मी सांगू शकत नाही. तुझ्यासारखी एक मुलगी आली होती, ती वर्षाच्या आत सोडून गेली. तुला त्रास होईल. तरी यायचं असेल तर ये.

"हे ठेवायचं," जुई म्हणाली. यादीत तेवढं एकच नाव उरलं.

नदी बघून जाऊ या का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नको, गाडी चुकेल." गाडीला दीड तास होता. आम्ही फलाटावर बसून राहिलो.

तिला प्रवेश मिळाला. तिने तीन वर्षं अपडाउन केलं. दुसऱ्या वर्षी लॅबमध्ये मागच्या टेबलावर काहीतरी सांडलं, सगळे ओरडून बाजूला झाले, ती झाली नाही. मनगट भाजलं, डाग अजून आहे. नडियादचे सर अगदीच चुकीचं बोलले नव्हते. बाईही बऱ्याचदा विसरल्या. सेकंड क्लासमध्ये ती पास झाली, आणि आता अंकलेश्वरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे.

ज्यांनी विचारलं होतं त्यांना माझ्याकडून एवढंच. कॉलेज चालू असेल अशा दिवशी जा, लॅबचे नळ सोडून बघा, आणि मुलाला प्रश्न स्वतः विचारू द्या. यादी छोटी झाली तर होऊ द्या.

जुई माझ्याशी चांगली वागते. कधी टोचून बोलली नाही, नडियादचा विषय तिने पुन्हा काढला नाही. परवा अनघाची एक तपासणी होती. रिपोर्ट घेऊन मी घरी आलो आणि जुईला सांगितलं, काळजीचं काही नाही. खरंच नव्हतं. ती माझ्या ओठांकडे क्षणभर बघत राहिली, मग हात पुढे करून म्हणाली, "कागद बघू."