आत्याला शीळ घालणारा टेलिफोन

माझ्या आत्याचे यजमान वारले त्या दिवशी आमच्या घरच्या टेलिफोनने तिला शीळ घातली. फोन निर्दोष होता. दोष माझा होता, आणि तो मी सात महिने रोज संध्याकाळी बसून, हौसेने, स्वतःच्या हाताने तयार केला होता.

मी तेव्हा कुंभकोणम्‌च्या एका पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. आम्ही त्या तमिळ मुलखातले पिढीजात मराठी. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, घरात आई आणि मी दोघंच. लग्न व्हायचं होतं (एवढा मोकळा वेळ कुठून आला, याचा खुलासा इथेच करून टाकतो). विहिरीवरच्या मोटारीचं बटण परसात होतं, पाच पायऱ्या उतरून. आईचे गुडघे दुखायचे. गच्चीवरची टाकी भरायला तिला उतरावं लागू नये, म्हणून मी ठरवलं की मोटार आपण कॉलेजातून सुरू करायची. फोनवरून.

त्यासाठी मी एक पेटी बनवली. तिच्यात एका चिपेवर मावणारा छोटासा संगणक होता, ज्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. घरात कोणी नसलं आणि फोन पाच वेळा वाजला, की पेटी आपणहून फोन उचलायची आणि गप्प राहून ऐकायची. मी कॉलेजच्या ऑफिसातून फोन लावायचा आणि साबणाच्या डबीत बसवलेला एक भोंगा रिसीव्हरच्या तोंडाशी धरायचा. त्याची बारीक, उंच शीळ अर्धा सेकंद कानावर पडली, की पेटी वीस मिनिटं मोटार चालवायची, आणि काम झाल्याची पोच म्हणून स्वतः एक लांब शीळ घालायची. किती वेळा हुकूम आला तो आकडा पेटीच्या पुढच्या बाजूला लाल अक्षरांत दिसायचा. साबणाच्या डबीला फोन ऐकवणारा मास्तर म्हणून ऑफिसातले लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघत, तिला मी आदर समजत होतो.

आता चूक कुठे होती ते सांगतो. वर्गात मी मुलांना नेहमी सांगायचो की फोनवरून खूण पाठवायची तर दोन वेगळे स्वर एकदम पाठवा, कारण माणसाच्या गळ्यातून असे दोन स्वर एकदम निघत नाहीत, म्हणून यंत्राचा घोटाळा होत नाही. घरी मात्र मी एकच स्वर ठेवला. एवढ्या उंच पट्टीत कोण बोलणार आहे, असं मी आईला म्हणालो होतो. रुक्माआत्या माझ्या डोक्यातही आली नाही.

रुक्माआत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. जवळच्याच आडुतुरै गावी दिलेली. तिचा आवाज हा आमच्या नात्यातला एक सर्वमान्य विषय होता. एकादशीच्या भजनात तिने वरचा सूर धरला की मृदंगवाला मान वळवून बघायचा. तिचे यजमान, ज्यांना मी मामा म्हणायचो, फार शांत माणूस. शेताच्या पार टोकाला असले तरी आत्या परसातून हाक मारायची आणि ते यायचे. "हिला फोन कशाला हवा," असं ते हसत म्हणायचे, आणि खरोखरच त्यांनी घरात फोन घेतला नव्हता.

एप्रिल संपत आला होता. कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या, म्हणून मी सकाळी साडेसातलाच घर सोडलं. आई त्याआधीच नाचियार्कोविलला गेली होती, मैत्रिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला. घरात पेटी एकटी.

त्याच सकाळी सातच्या सुमाराला मामा गेले. कॉफी पिऊन पेला खाली ठेवला आणि भिंतीला टेकले, ते टेकलेलेच राहिले. समोर औषधांचं दुकान होतं, तिथे फोन होता, पण ते आठला उघडायचं. दुकानदार चांगला माणूस. तो म्हणाला की मी कळवतो, तुम्ही बसा. आत्या ऐकेना. माहेरी मीच सांगणार, म्हणाली. माहेर म्हणजे तिचा भाऊ, आणि भाऊ नसल्यावर भावाचा मुलगा, म्हणजे मी. त्याने येऊन शेजारी बसावं आणि मग पुढचं व्हावं, ही आमच्याकडची रीत, आणि त्या घडीला तिला एवढाच आधार होता.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. दुकानदाराने नंबर फिरवून रिसीव्हर तिच्या हातात दिला. पाच वेळा घंटी वाजली. फोन उचलल्याचा आवाज आला. आत्या म्हणाली, "राघू, ते गेले रे," आणि तिने टाहो फोडला.

फोनने शीळ घातली.

तिला वाटलं, चुकीचा नंबर. तिने विचारलं, कोण तें फोनात? उत्तर नाही. तिला पुन्हा रडू फुटलं, पुन्हा शीळ. दुकानदाराने रिसीव्हर घेऊन तमिळमध्ये दोन-तीनदा हॅलो म्हटलं. त्याचा आवाज जाड, ढोलासारखा. पेटीने त्याला काहीच उत्तर दिलं नाही. त्याने आत्याला सांगितलं की नंबर बरोबर आहे, तिकडे कोणीतरी फोन धरून आहे, ऐकतंय, पण बोलत नाही. अर्ध्या तासाने त्यांनी पुन्हा लावला. तेच. आत्याला रडू फुटलं की शीळ, तो बोलला की शांतता. लोक येऊन बसले होते. माहेरची माणसं कुठवर आली, असं सगळे विचारत होते, आणि निघाली असतील असं आत्या सांगत होती, कारण माहेर शीळ घालतंय असं चारचौघांत कसं सांगणार?

इकडे दहा वाजता मी ऑफिसात जाऊन घरी फोन लावला, डबी धरली, शीळ ऐकवली. पलीकडून पोच आली. मी क्लार्ककडे बघून मान डोलावली. टाकी केव्हाच भरून वाहत होती, तिच्यात मी मोठ्या अभिमानाने आणखी वीस मिनिटांची भर घातली. अकराला आत्याने तिसऱ्यांदा फोन केला.

परीक्षा आटोपून एकला घरी आलो तर आमच्या बोळात पावसाळा होता. आमची गच्ची आणि शेजारच्या कमलामामींची गच्ची यांच्यामध्ये हातभर उंचीची भिंत, आणि टाकीचं वाहतं पाणी बरोबर तिच्यावरून पलीकडे जायचं. मामींनी दोन दिवस खपून वडाम घातले होते, म्हणजे तांदळाच्या सांडग्यासारखा तळणाचा प्रकार, वर्षभराचा. त्याची पुन्हा पेज झाली होती. मामी पायरीवर बसल्या होत्या. ओरडल्या नाहीत. तासभर तुमचं दार वाजवत होते, एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "घराला कुलूप, आत कोणी नाही, मग पाणी कोण सोडतंय?"

मी आत गेलो. पेटीवर लाल अक्षरांत नऊ हा आकडा होता.

मी एकदाच हुकूम दिला होता. खरं तर मला घाबरायला हवं होतं. पण खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. कुठला तरी बाहेरचा आवाज माझ्या यंत्राला फसवतोय, हा शोध होता. मी वही काढली आणि लिहिलं: "एकूण नऊ. आपले एक. उरलेले आठ कशाचे?" खाली रेघ मारली. मग झाडू घेऊन मामींच्या गच्चीवर पाणी लोटायला गेलो, आणि लोटता लोटता संभाव्य कारणांची यादी करत होतो. देवळातली घंटा. मांजर. टेलिफोन खात्याची तार.

दीड वाजता आडुतुरैहून बसने आलेला माणूस बोळात उभा राहिला. आत्याने त्याला पाठवलं होतं. तो म्हणाला, "मामा सकाळी गेले. आत्याने तीन वेळा फोन केला. कोणीतरी उचलून शीळ घालतंय म्हणाली."

झाडू माझ्या हातात होता तसाच राहिला. आठ कशाचे, ते मला कळलं. आत्या आठ वेळा रडली होती, आणि माझ्या यंत्राने ते मोजून ठेवलं होतं.

आईला घेतल्याशिवाय जाणं शक्य नव्हतं. रिक्षा करून नाचियार्कोविल गाठलं, साखरपुड्याच्या पंगतीतून तिला उठवलं, तिथून उलट आडुतुरै. वाटेत तिला सगळं सांगितलं. ती पदराने तोंड झाकून बसली होती. मला वाटलं रडते आहे. रडतच होती, पण मध्येच म्हणाली, "तिच्या आवाजाचा विचार तुला कसा सुचला नाहीं रे?" आणि पुन्हा रडू लागली.

आम्ही पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. ऊन फार होतं, त्यांनी तीनपर्यंत वाट पाहिली होती. वळणावर नदीवरून परत येणारी माणसं भेटली, ओल्या पंच्यांनिशी. त्यांनी बाजूला होऊन रिक्षाला वाट दिली. मामांचा चेहरा मला बघायला मिळाला नाही. लहानपणी ज्यांनी मला सायकल शिकवली, त्यांना खांदा द्यायला मी नव्हतो. मी झाडूने पाणी लोटत होतो.

आत्याने आईला जवळ घेतलं. माझ्याकडे बघून एकच वाक्य बोलली, तेही अगदी हळू. इतक्या हळू आवाजात मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "माझे यजमान गेले, आणि माझ्या माहेरानें मला शीळ घातली."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मी रोज जायचो, सांगितलेली कामं करायचो, ओसरीवर बसायचो. तिच्या जाऊबाई मला कॉफी द्यायच्या आणि माझ्याकडे न बघता परत जायच्या. सगळ्या आडुतुरैत मी शीळ घालणारा भाचा झालो होतो. कुंभकोणम्‌ला परत आल्यावर मामींच्या गच्चीवर बसून सोऱ्यातून वडाम पाडायचो, कारण ती शिक्षा मीच मागून घेतली होती. माझे वडाम वाकडे यायचे. मामी ते उचलून पुन्हा पाडायच्या.

पेटी मी पहिल्याच दिवशी फोनपासून तोडली होती. तेरावा झाला, पाहुणे पांगले, तेव्हा आत्याने आईमार्फत निरोप दिला की तें यंत्र घेऊन ये.

मला वाटलं, विहिरीत टाकायला लावणार. मी नेलं. मधल्या खोलीत चटईवर ठेवलं, फोनच्या जागी मायक्रोफोन आणि स्पीकर, मोटारीच्या जागी एक दिवा जोडला, आणि सगळं खरं सांगितलं. एक स्वर, दोन स्वर, माझा आळस. तिने मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, "माझा आवाज त्याला शिळेसारखा वाटला?"

"हो."

"जाड्या आवाजाला तें बोलत नाहीं?"

"नाही."

ती त्या दिव्याकडे वळली. मग तिने हाक मारली. परसात उभी राहून मामांना मारायची, तीच हाक, "अहो" एवढीच, पण शेताच्या टोकापर्यंत जाणारी. दिवा लागला आणि पेटीने लांब शीळ घातली.

 आत्याच्या ओठांवर काहीतरी आलं, मग ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. पेटीने त्याचीही पोच दिली. आई हसू दाबायला गेली आणि तिला ठसका लागला. जाऊबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, त्यांचे खांदे हलत होते. तेरा दिवसांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं. पेटी शिळा घालत होती, आकडा वाढत होता, आणि ती बंद करायचं बटण माझ्या हाताला सापडत नव्हतं.

शेवटी आत्याने डोळे पुसले. म्हणाली, "त्यांनीं हें पाहिलें असतें तर आठवडाभर हसले असते." मग माझ्याकडे वळली. तेरा दिवसांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. "राघू, तुझ्या यंत्राला शीळ घालतां येते. घरांत कोणी नाहीं, एवढें सांगतां येत नव्हतें?"

सात महिने मी त्या यंत्रावर खपलो होतो. आराखडे काढले, मोजमापं घेतली, दोन वह्या भरल्या. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी फर्स्ट क्लासमध्ये पास झालेला माणूस आहे. मी खाली बघितलं आणि तारा गोळा करू लागलो.

आत्याने पुढच्याच वर्षी घरी फोन घेतला. दर एकादशीला तिचा फोन यायचा. मी धावत जाऊन, पहिल्याच घंटीला उचलायचो आणि हॅलो म्हणायचो.  मग आत्या, मुद्दाम जाड आवाज काढून, विचारायची:

"कोण तें? माणूस आहे, कीं राघू?"

मी खरं तेच सांगायचो. राघू आहे म्हणायचो, आणि आईला बोलवायचो.