कापलेला सडा

उन्हाळ्यात सड्यावर माणूस लपत नाही. चंदगड तालुक्यात मामाच्या गावामागचा डोंगर चढून गेलं की वर लांबच लांब सपाट काळा कातळ लागतो, तो सडा. मे महिन्यात तिथं गवताची काडी नसते. त्यामुळे कड्याजवळच्या दगडावर बसलेला धाकटा भाऊ मला लांबूनच दिसला. डोक्यावर टॉवेल, हातात छत्री.

कोल्हापुरातली त्याची फौंड्री बंद पडली आणि तो बोलेनासा झाला. हवापालट म्हणून मामानं त्याला ठेवून घेतलं होतं. मी परत न्यायला आले होते. डॉक्टर ठरवले होते, ओळखीच्या वर्कशॉपमध्ये शब्द टाकला होता, परतीची एसटी बघून ठेवली होती. सगळं एका दमात सांगितलं.

"अक्का, धाप लागलीया. बस की आधी."

"तू येतोस की नाही?"

"पाऊस सरूदे. तवा हितं गवात असतंय. बघायला ये."

तो हसला, कितीतरी महिन्यांनी. म्हणून मी एकटी परतले.

थंडी सुरू झाली आणि मामाचा फोन आला. भाऊ आदल्या सकाळी सड्यावर गेला, तो रात्री घरी आलाच नव्हता.

मी वर पोचले तर कातळ दिसेना. कुठे गुडघ्याएवढं, खोलगटात कमरेला लागणारं पिवळट हिरवं गवत वाऱ्यानं एका अंगाला लवत होतं. इतकं देखणं, की मला त्याची चीड आली. आत कोणी पडलं असतं तर चार पावलांवरून दिसलं नसतं. शोधायला आलेल्या गावकऱ्यांना मी सवयीनं कामं वाटून दिली, तुम्ही कड्याकडून, तुम्ही पाणवठ्याकडून. हाका मारून घसा बसला. माणसं ओळीनं पुढे जायची आणि त्यांच्या मागे गवत पुन्हा मिटायचं.

तिथं प्रत्येक घराचा गवताचा वाटा ठरलेला, हद्दीला दगड. दुसऱ्याच्या वाट्यात कोणी विळा घालत नाही, आणि वाळण्याआधी तर स्वतःच्याही नाही. ओलं गवत गंजीत कुजतं, मग जनावरांनी वर्षभर काय खायचं? दुसऱ्या सकाळी मामा सगळ्यांसमोर उभा राहिला. "कापूया," एवढंच म्हणाला.

"अजून वलं हाय की रं," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

एका म्हातारीनं कमरेचा विळा काढला. "गवात फुडल्या साली येतंय. पोरगं येतंय व्हय?"

मग वाटे राहिले नाहीत. सगळं गाव एका रांगेत कापत निघालं. मीही विळा घेतला. प्रत्येक मुठीला वाटायचं, आता हाताला काहीतरी लागणार. लागावं की लागू नये, हे मला ठरवता येईना.

सांजेला सडा उघडा पडला. मे महिन्यासारखी या कडेपासून त्या कडेपर्यंत नजर जात होती. कड्याखाली उतरलेली माणसंही हात हलवत वर आली. भाऊ बसायचा तो कड्याजवळचा दगड रिकामा होता.

"हितं न्हाय म्हंजे कुठंतरी हाय, पोरी," मामा म्हणाला. "बरंच झालं म्हणायचं." पण माझ्याकडे न बघता म्हणाला.

आता पुढे कुठे? बेळगाव, गोवा, स्टँड, दवाखाने, चौक्या. ठिकाणं भराभर आठवत होती, पण आधी कुठलं, ते मला सांगता येईना. थोडं तरी वाळावं म्हणून बायका ओल्या पेंढ्या सोडून कातळावर पसरत होत्या. मी त्यांच्यात जाऊन पेंढ्या सोडायला लागले.