फांदी बांधलेली सायकल

मी मिरजगावचा, म्हणजे सपाटीचा. आमच्याकडं चढ म्हणजे ओढ्यातून वर येणारी गाडीवाट आणि उतार म्हणजे तीच वाट उलटी. त्यामुळं सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास, संगमनेरला मास्तरकीचं शिक्षण संपवून बसलो असताना, हातात नेमणुकीची ऑर्डर पडली आणि तिच्यात अकोले तालुक्याच्या पार टोकाला, कोकणकड्याजवळच्या एका गावाचं नाव निघालं, तेव्हा मी ते नाव चारदा वाचलं. त्या गावाचं नाव इथं लिहीत नाही. तिथली माणसं अजून मला ओळखतात आणि मी काय काय लिहिलंय ते विचारतील.

वडिलांनी ऐकलं आणि विषय मिटवला. "डोंगरात मरायला जातं का कुनी? नको म्हनून लिहून दे. कर्जतात जागा निगंल तवा बगू." दिवाळीच्या सुट्टीनंतर एक तर हजर व्हायचं, नाही तर नकार कळवायचा होता. माझंही मन नकाराकडंच झुकलेलं. पण मला लहानपणापासूनची खोड आहे. कुणी जाऊ नको म्हटलं की पाय शिवशिवतात. म्हटलं, नाही तर नाही म्हणू, पण बघून तर येऊ.

बघायला जायचं ते सायकलवर, यात शंकाच नव्हती. मॅट्रिक झालो तेव्हा वडिलांनी घेऊन दिलेली ती बावीस इंची काळी सायकल. मी तिला रोज पुसायचो. सुट्टीत गावी जाताना आधी ती एस.टी.च्या टपावर चढायची, मग मी आत बसायचो. वडील चेष्टेनं म्हणायचे, "बायकुला येवढं जपलंस म्हंजी मिळवली."

सोबत माझ्या वर्गातला एक संगमनेरचा मित्र आला. त्याची नेमणूक घरापासून हाकेच्या अंतरावर झाली होती, त्यामुळं त्याला माझी काळजी करायला भरपूर वेळ होता. त्याला मी निघतानाच बजावलं होतं, "तिथं मास्तर हा शब्द काढायचा नाही. आपण कडा बघायला आलोय, एवढंच सांगायचं." हवा भरायचा पंप, पंक्चरचं सामान, एक पान्हा आणि चार दिवसांच्या दशम्या घेऊन आम्ही पहाटे संगमनेर सोडलं.

अकोल्याच्या पुढं विठ्याचा घाट लागला. आमची पैज लागली होती, चढताना जो आधी सायकलवरून उतरेल त्यानं दुसऱ्याची सायकल पुसायची. पहिल्या वळणाला मी हसत होतो, दुसऱ्याला दात आवळले, तिसऱ्याला उभा राहून पायडल मारायला लागलो आणि चौथ्याला सायकल उभी आणि मी आडवा. मित्र पुढच्याच वळणावर कोलमडला, पण पैज ती पैज. धापा टाकत मागं पाहिलं तर खाली प्रवरेचं खोरं, उसाचे हिरवे तुकडे आणि आपण आलो तो रस्ता, सुतळी टाकल्यासारखा. अरे, हे सगळं आपण पायांनी मागं टाकलंय! मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलो. समोरून येणारा बैलगाडीवाला दचकून म्हणाला, "काय झालं वं?"

राजूरला मित्राच्या मावशीकडं मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी शेंडी, भंडारदऱ्याचं धरण आणि पुढं पाण्याच्या कडेकडेनं कच्ची वाट. त्या वाटेवर मी जो काही खुळावलो, ते सांगायलाही लाज वाटते. आमच्याकडं सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसलेला, विहिरी तळाला गेलेल्या. आणि इथं खाचरांत भात पिवळा होऊन वाकलेला, उतारावर खुरासणीची उरलीसुरली फुलं, प्रत्येक वळणाला कुठून तरी पाणी आडवं यायचं. मी प्रत्येक ओढ्यापाशी उतरून पाणी प्यायचो. तहान नसली तरी प्यायचो. मित्र म्हणाला, "लेका, उंटाच्या जातीचा का तू?"

दुपारी वाट संपली आणि खिंड सुरू झाली. पलीकडच्या अंगाला गाव. सायकली खांद्यावर घेतल्या. आतापर्यंत तिनं मला वाहिलं होतं, आता मी तिला. पायाखालचे दगड निसटत होते, पायडल बरगडीत रुतत होतं आणि तरी मला थांबवेना. खिंडीच्या माथ्यावर पोचलो आणि वारं असं आलं की सायकलीसकट मागं सरलो. समोर जमीन काही अंतरावर संपलेलीच होती. त्याच्यापुढं नुसतं निळं, आणि खाली फार खोल कोकण. अलीकडच्या खोलग्यात दहा-पंधरा घरं आणि त्यांच्यापर्यंत जाणारी एक रुंद, सरळ, मोकळी उतरण.

ती उतरण पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि लगेच लक्षात आलं, ब्रेक नाहीत. विठ्याच्या आणि पुढच्या उतारांनी ब्रेकची रबरं झिजून गेली होती. तिथं एक माणूस गवत कापत होता. त्यानं आमच्याकडं पाहिलं, सायकलींकडं पाहिलं, चाक बोटानं फिरवून पाहिलं. "थांबत न्हाई व्हय ही? मंग फांदी बांधा मागं. आमी लाकडं वढतो तशी." त्यानं कोयत्यानं दोन डेरेदार फांद्या तोडल्या आणि कॅरिअरला स्वतःच्या हातानं सुंभानं आवळून बांधल्या. मित्र चालत उतरेन म्हणाला. मी बसलो.

आजवर मी पुष्कळ वाहनांतून हिंडलो, पण तसा उतार पुन्हा मिळाला नाही. मागं फांदी खरडतेय, धुळीचा लोट उठलाय, सायकल थरथरतेय, दगडावरून उडतेय, आणि मी हँडल धरून गळा फाडून ओरडतोय! फांदी वेग आवरत होती, पण आवाज असा की डोंगर कोसळतोय. खाली गाव मोठं मोठं होत गेलं. गावाबाहेर एका झाडाखाली माणसं जमलेली दिसली आणि त्यांच्याजवळ गुरांचा कळप. गुरांनी मान वर केली, माझ्याकडं पाहिलं आणि शेपट्या उभारून चहूकडं उधळली.

मी झाडाच्या अलीकडं आपटून थांबलो. गुडघा फुटला होता. धूळ बसली तेव्हा वीस-बावीस माणसं माझ्याभोवती उभी होती आणि त्यातलं कुणीही हसत नव्हतं.

त्या दिवशी वाघबारस होती. दिवाळीचा पहिला दिवस. त्या भागात या दिवशी गुराखी वाघोबाची पूजा करतात, गुरं सुखरूप राहू दे म्हणून. झाडाखाली शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड होता, तीन दगडांच्या चुलीवर खीर शिजत होती. आणि बरोबर त्या दिवशी मी गावची सगळी गुरं पळवून लावली होती.

ती गोळा करायला तासभर गेला. मीही फुटक्या गुडघ्यानं पळालो. परत आल्यावर एक म्हातारा, गावातला जाणता माणूस, दगडापाशी बसला होता. त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "गुरं यानंच बुजवली. मंग अवंदा वाघ ह्योच."

त्यांची रीत अशी. एकानं वाघ व्हायचं. बाकीच्यांनी त्याला विचारायचं, आमच्या शिवारात येशील का? त्यानं तीनदा नाय म्हणायचं आणि मग सगळ्यांनी त्याला शिवेबाहेर हाकलायचं. मला ही शिक्षा फारच आवडली. तोवर मित्र येऊन पोचला होता आणि पोट धरून हसत होता. माझ्या पाठीवर घोंगडी टाकली, मी गुरगुरलो, हात-पाय टेकले. म्हाताऱ्यानं काठी आपटली.

"वाघा, आमच्या शिवारात येशील का?"

"येणार!" मी म्हणालो.

मी ठरवून म्हणालो असं सांगितलं तर खोटं होईल. अंगात तो उतार अजून धावत होता, समोर ते निळं आकाश होतं, वाटेतल्या सगळ्या ओढ्यांचं पाणी पोटात होतं. तोंडातून निघून गेलं. ऐकून मीच सगळ्यात जास्त चपापलो.

घोंगडी टाकणारा तरणा गुराखी भडकला. "वाघ येतो म्हनला तर गुरं ऱ्हातील का?"

मी उभा राहिलो. "वाघ नाही हो, मी. तुमच्या शाळेवर माझी नेमणूक झालीय. मी मास्तर आहे." मित्राचं हसणं थांबलं.

मला वाटलं, आता आनंदीआनंद होईल. तो गुराखी घोंगडी उचलत म्हणाला, "येतो म्हननारं दोन मास्तर आमी पाह्यलं. येक दिवाळीला घरी गेला, येक शिमग्याला. दोगं बी येतो म्हनूनच गेलं."

"त्ये मागनं," म्हातारा म्हणाला. "आदी वाघाचं पुरं करा. वाघानं नायच म्हनायचं."

मग मी तीनदा नाय म्हणालो, सगळ्यांनी मला आरोळ्या ठोकत शिवेपर्यंत पळवलं आणि मी लंगडत परत आलो. पळसाच्या पानावर खीर मिळाली. ती रीतसर वाढली, पोटभर वाढली. पण शाळेबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. त्यांनी गळ घातली असती, रागावले असते, तरी चाललं असतं. ते न विचारणं मला फार लागलं. मी आल्याचं त्यांना कौतुक नव्हतं आणि गेलो असतो तर नवल वाटलं नसतं.

सकाळी निघताना मी सायकल ढकलत शाळेपाशी नेली. एक खोली, दाराला कुलपाऐवजी सुंभ. मी तो सोडला, सायकल आत भिंतीला टेकवली, रुमालानं सीट पुसलं आणि सुंभ पुन्हा बांधला. जाणता म्हातारा बघत होता. "ह्ये काय?"

"ही इथंच राहील. सुट्टी संपली की मी येतो."

कालच्या गुराख्यानं पुढं होऊन सुंभाची गाठ आणखी आवळली. मग म्हणाला, "खिंड चालत चढा. पुढं डबलशीट जमंल का तुमास्नी, मास्तर?"

जमलं. मित्रानं मला कॅरिअरवर बसवून शेंडीपर्यंत शिव्या घालत नेलं आणि तिथून मी एस.टी. धरली. दोन गाड्या बदलून मिरजगावात उतरलो तेव्हा वडील थांब्यावर आले होते. दरवेळी यायचे, टपावरून सायकल खाली घ्यायला. कंडक्टरनं घंटी दिली तरी ते मान वर करून टपाकडंच बघत होते.

"आरं, सायकल कुठाय?"

"शाळेत," मी म्हणालो.