मिक्सर बंद करा, गेम चढतोय!

काम वेळेवर झालं तर त्याचे किस्से होत नाहीत. आमचं वर्षभर रखडलं, त्यामुळे आता कुणी सहज 'काय चाललंय?' विचारलं तरी मी खुर्ची ओढून बसते.

आम्ही म्हणजे सत्या, दिन्या आणि मी. कॉलेजपासूनची दोस्ती, आता सगळे पन्नाशीत. मुलुंडला सत्याच्या घरी एक जुना होम कॉम्प्युटर आहे. टीव्हीला जोडायचा, प्रोग्राम कॅसेटवरून चढवायचा. सत्या शाळेत असताना नानांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, हौसेने आणलेला. आता बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीय आणि भाड्याची जागा छोटी.

नानांनी जाहीर केलं, "घर सोडायच्या आत या डब्याने एक तरी नवीन काम करून दाखवावं. नाहीतर भंगार!"

सत्या प्रोग्रामिंग शिकला तो त्याच डब्यावर. त्याचं तोंड एवढंसं झालं. मला तर नानांचा रागच आला.

* * *

ठरलं, त्यावर गेम बनवायचं इंजिन बसवायचं. म्हणजे असं, की चौकोन भरून खोली काढायची, आत माणसं ठेवायची, प्रत्येकाला एक वाक्य द्यायचं, की झाला गेम! जुन्या गेम्सच्या शौकिनांनी बनवलेलं असं एक इंजिन होतं. दिसायला जुनं, पण चालायचं फक्त नव्या कॉम्प्युटरवर. ते जुन्यावर आणायचं होतं.

सत्याने हे नानांना नीट समजावून सांगितलं.

नाना म्हणाले, "म्हणजे नवीन वस्तू मुद्दाम जुनी दिसेल अशी बनवली. आणि आता ती जुन्यावर चालत नाही म्हणून तुम्ही रडताय?"

आम्ही चहा प्यायलो आणि कामाला लागलो.

* * *

पहिला शत्रू मिक्सर! दिन्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतो. त्याच्या आईने, म्हणजे सावंतकाकूंनी, वाटण लावलं की आमच्या टीव्हीवर पट्टे यायचे आणि अर्ध्यावर आलेलं लोडिंग बोंबलायचं. परत पहिल्यापासून कॅसेट! काकू मालवणच्या, आणि आम्ही जमायचो रविवारी. म्हणजे वाट लागलीच.

शेवटी दिन्या हात जोडून आईकडे गेला. "आई, थोडा वेळ मिक्सर नको ना लावू. गेम चढतोय."

काकू म्हणाल्या, "तुमचो गेम गेलो तर परत येतलो. बांगडो खराब झालो तर येतलो काय?"

इंजिनचं बरंचसं काम आम्ही श्रावणात उरकलं.

* * *

मेमरी एवढीशी, की रोज सकाळी व्हॉट्सॅपवर येणारं गुलाबाचं फूल... छे, त्यातली एक पाकळीही मावणार नाही. मेसेज कापावे लागले. 'माफ करा, हे दार उघडता येत नाही' याचं आधी 'दार उघडत नाही' झालं, मग 'उघडत नाही', आणि शेवटी उरलं नुसतं 'नाही.'

मी म्हटलं, "अरे, हे फार तुटक वाटतंय यार. लोकांना कळणार कसं?"

मागून नाना म्हणाले, "सत्याची आई मला जन्मभर एवढंच म्हणाली. सगळं कळायचं."

* * *

हिरोचं चित्र एकाच बाजूचं मावलं, उजवीकडे चालणारं. डावीकडे निघाला की तोंड मागे, पाय मागे, आणि स्वारी चाललीय पुढे! सत्या डोकं धरून बसला. तेवढ्यात काकू माशाच्या तळलेल्या तुकड्या घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अरे, ह्येचे पाय उलटे! ह्यां तर भूत आसा!"

झकास! त्याच दिवशी आम्ही हिरोला भूत केलं. कोडचं एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

* * *

कोऱ्या कॅसेट मिळेनात, म्हणून दिन्याने घरातलीच एक जुनी उचलली आणि तिच्या शेवटी इंजिन भरलं. ती निघाली आरत्यांची!

गणपतीत सगळ्यांचे घसे बसलेले, तेव्हा काकूंनी तीच कॅसेट लावली. दोन आरत्या छान झाल्या. मग एकदम 'कीईईईं... खर्रर्रर्र!' आमचं इंजिन वाजायला लागलं! पण आरती संपेपर्यंत टाळ्या थांबवायच्या नाहीत, हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. माणसं डोळे मिटून टाळ्या वाजवत राहिली! संपल्यावर एक काका माझ्या कानाशी म्हणाले, "ही चाल नवीन दिसते. जरा फास्ट आहे, नाही?"

* * *

शिफ्टिंगच्या आदल्या रविवारी अख्खं इंजिन चढलं. सत्याने नानांना बोलावलं. खोली कशी काढायची, माणूस कसा ठेवायचा, सगळं दाखवलं. नानांनी चष्मा पुसला.

मग म्हणाले, "सरक."

आणि स्वतःच बसले. एका बोटाने एकेक चौकोन भरायला लागले. आम्ही तिघं मागे सोफ्यावर बसलो.

बेल वाजली. दारात भंगारवाला! नानांनीच सांगून ठेवलेला. सत्याने माझा हात घट्ट धरला.

"काका, क्या लेके जाना है?"

नाना खिडकीचे चौकोन भरत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"उठा रे तिघं," ते म्हणाले. "सोफा जातोय."