पायाच्या चरात उभा असलेला महादूआप्पा

“उद्या व्हरांड्याची फरशी फोडा,” कार्यकारी अभियंता म्हणाले. “पाया डोळ्यांनी पाहू. कमी भरला, तर तुमच्या निलंबनाचा कागद माझ्या बॅगेत तयार आहे.”

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. दौंडच्या एका सरकारी कचेरीला चार खोल्या आणि व्हरांडा वाढवण्याचे काम माझ्या देखरेखीखाली नुकतेच पुरे झाले होते. मी तिथला ओव्हरसिअर. पाया साडेचार फुटांऐवजी तीनच फूट खणला, असा आरोप एका निनावी अर्जात होता. निनावी अर्जाची दखल घेऊ नये, हा नियम मी साहेबांना आधी तोंडी सांगितला, मग लेखी कळवला आणि वर स्मरणपत्र पाठवले. परिणाम एवढाच झाला, की साहेब जातीने दाखल झाले.

पाया एकदा भरला की दिसत नाही. म्हणून चर, म्हणजे पायासाठी खणलेला लांब खड्डा, मोकळा असतानाच त्याचा फोटो काढून फायलीला लावतात. चरात स्टाफ, म्हणजे फूट-इंचांच्या ठळक खुणांची लाकडी पट्टी, उभी करायची. फोटोत माणसे नकोत. हे सर्व मी शिरूरचे फोटोग्राफर गुलाबराव यांना कलमवार लेखी दिले होते.

फोटोच्या दिवशी मी सिमेंटसाठी रेल्वेच्या मालधक्क्यावर अडकलो. पंधरा दिवसांनी फोटो हाती आला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चराच्या दोन्ही काठांवर गवंडी, बिगारी आणि पदर सावरलेल्या बाया ओळीने उभ्या. मधोमध, खाली चरात, वरवंडचा महादूआप्पा गवंडी, अनवाणी, ताठ. स्टाफ कुठेच नाही!

मी गुलाबरावांना तीन पत्रे लिहिली. चौथे टाळण्यासाठी ते स्वतःच आले.

“ओव्हरसिअरसायेब, नुसत्या खड्ड्याचा फोटो कुणी काढतं व्हय? लोक म्हंतील, गुलाबचं बटण चुकून दाबलं गेलं.”

“आणि माझी पट्टी?”

“ती आप्पाच्या तोंडाम्होरं येत व्हती. काढून ठिवली.”

तोवर चर केव्हाच भरून गेला होता. दुसरा फोटो निघणे अशक्य होते.

फरशी फोडण्याचा हुकूम ऐकल्यावर मी तोच फोटो साहेबांपुढे ठेवला. माझ्या बचावासाठी नव्हे. गुलाबरावांनी केलेल्या नियमभंगाचा पुरावा म्हणून. साहेबांनी तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ न्याहाळला.

“हा गवंडी टाचेपासून डोक्यापर्यंत दिसतोय,” ते म्हणाले. “चराची कड बरोबर त्याच्या हनुवटीशी आली आहे. बोलवा त्याला.”

दुसऱ्या दिवशी आप्पा वरवंडहून इस्त्रीचा सदरा घालून आला. साहेबांनी त्याला भिंतीशी उभे करून टाचेपासून हनुवटीपर्यंत स्वतः टेप लावला.

“चार फूट सात इंच. एक इंच जास्त कसा?”

मी लिहिलेले माप साडेचार फुटांचे होते. एका इंचाने का होईना, ते खोटे ठरत होते.

“सायेब, ह्या नव्या वहाणा हायती,” आप्पा म्हणाला. “तुमच्याम्होरं यायचं म्हून काल घेतल्या. फोटूत पाय उघडं हायत, बघा की.”

वहाणा उतरल्या. पुन्हा टेप लागला. साडेचार फूट, ना कमी ना जास्त.

“त्या दिवशी गुडघ्यात वाकून उभा नव्हतास कशावरून?”

“जल्मातला पयला फोटू, सायेब! वाकून कोन काढंल?”

साहेब इतके हसले, की टेप हातातून सुटून सरसर गुंडाळला गेला. बॅगेतला कागद त्यांनी माझ्यादेखत फाडला. फरशी शाबूत राहिली. आप्पाला मात्र फोटोची एक प्रत हवी होती. फायलीतल्या फोटोची प्रत बाहेर देण्यास मनाई असल्याचे कलम मला पाठ होते. तरी मी गुलाबरावांना चौथे पत्र लिहिले : एक प्रत काढून वरवंडला पाठवावी.

त्यानंतरच्या प्रत्येक पायाच्या फोटोत मी स्टाफ उभा केला आणि शेजारी एक गवंडीही. फक्त त्याच्या वहाणा आधी काढायला लावल्या आणि त्याची उंची दोन साक्षीदारांसमक्ष लिहून घेतली.