खोबरेलातली स्वप्नं

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतके धूसर फोटो काढणारा माणूस अख्ख्या दुर्ग-भिलाईत दुसरा नसेल, आणि त्या धूसरपणाचा इतका अभिमान बाळगणारा तर पृथ्वीच्या पाठीवर सापडायचा नाही. खरं तर भिलाईतल्या सुपेला भागात भाऊजींचा साधा फोटो स्टुडिओ. मागे काश्मीरचं तळं रंगवलेला पडदा आणि खुंटीवर एक काळा कोट. स्टील प्लांटमध्ये नोकरीला लागलेल्या निम्म्या पोरांनी पासपोर्ट फोटोसाठी तो एकच कोट अंगात घातलेला. सडपातळ गिऱ्हाईक आलं की कोटाला पाठीमागून कपड्यांचे चिमटे लागत. आणि भाऊजींचा एकच मंत्र, "हालू नका." एका लग्नात त्यांनी हा दम भटजींना दिला, तर भटजी मंगलाष्टक अर्ध्यात सोडून अक्षता धरून उभे राहिले.

मग कोरोनाचा तो वाईट उन्हाळा आला आणि मी त्यांच्याकडेच अडकलो. लग्नं बंद, दुकान बंद. मागच्या दाराने मात्र लोक गेलेल्या माणसाचा, बहुतेक भाऊजींनीच कुठल्याशा लग्नात काढलेला, एवढासा फोटो घेऊन येत. मोठा करून हवा, हार घालायचा आहे. भाऊजी कॉम्प्युटरवर त्या माणसाला तोच काळा कोट चढवत. एकदा जेवता जेवता म्हणाले, "भाऊ, याइले सगळ्याइले मीच हालू नका म्हनलो होतो." ताट तसंच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हलणाऱ्या माणसांचे फोटो सुरू केले. सकाळी गच्चीवरून शेजाऱ्यांना विचारायचं, "काल सपन काय पडलं?" आणि ते उभं करायचं. काचेवर ताईचं खोबरेल तेल चोपडून ती कॅमेऱ्यापुढे धरली की सगळं धुक्यात. शेजारचे रिटायर्ड क्रेन ऑपरेटर स्वप्नात घोड्यावरून ड्युटीला गेले होते. त्यांना कोट घालून पाण्याच्या टाकीवर स्वार केलं, तर त्यांच्या बायकोला वाटलं, नवरा जीव द्यायला चढला. "उतरा खाली, भाजी थंडी होऊन राहिली," एवढंच ती खालून म्हणाली. फोटोत घोडा नाही. तो फक्त भाऊजींना दिसतो.

आणि मग ताईच दवाखान्यात गेली. आम्हाला आत सोडत नव्हते. भाऊजी घरातली कपाटं उपसू लागले. काय शोधताहेत, ते मला कळलं होतं. फोटोग्राफरच्या घरात बायकोचा एक धड फोटो नव्हता. जन्मभर ती बिचारी लाइट धरून उभी. लोकांच्या अल्बमात कडेला फक्त तिचा हात.

ताई घरी आली ती पार वाळून. "माझा फोटो काढाल तं पाहा," तिने आधीच बजावलं.

"फोटो राहू दे. तुले सपन काय पडलं ते सांग."

"तापात मी खाटेवर बसून मेथी निवडत चौकावरून उडून राहिली होती."

झालं. गच्चीवर विटांवर खाट चढली, भोवती मच्छरदाणीचे ढग, आणि ढग उडवायला खाटेखाली टेबलफॅन धरून मी. निम्मे ढग माझ्याच तोंडात. काच धरून भाऊजी म्हणाले, "हाल. हाल ना जरा." त्यांच्या तोंडून हे ऐकून ताईला असं हसू फुटलं की मेथीची जुडी माझ्या डोक्यावर पडली.

फोटोत चेहरा कुठला, नुसता पांढरा पुसट डाग. मी म्हटलं, "भाऊजी, ताई ओळखू येत नाही. दुसरा काढा."

ते काचेवरचं तेल पुसू लागले. "राहू दे. हालली ना, बस."

तो फोटो आता स्टुडिओत लावलाय आणि ताई येता-जाता त्याला नावं ठेवते. दुकान पुन्हा चालतं, कोट खुंटीवर आहे. पण पासपोर्ट फोटोसाठी कोणी श्वास रोखून ताठ बसलं, की भाऊजींना तो जुना मंत्र उच्चारवत नाही. ते हळूच म्हणतात, "भाऊ, जरा कमी हाला."